फराळाचा भाव किती ठेवायचा? वर्गसमीकरणाचा 'शिरोबिंदू' कसा शोधतात, समजून घ्या

दिवाळी तोंडावर आली आहे. समजा, एक ताई घरी भाजणीची चकली करून विकतात. गेल्या वर्षी त्यांनी किलोला ४०० रुपये भाव ठेवला होता आणि ६० किलो चकली खपली. भाजणी, तेल, गॅस, डबे असा सगळा मिळून किलोमागे खर्च येतो २२० रुपये. म्हणजे किलोमागे १८० रुपये सुटले आणि हंगामाचे १०,८०० रुपये.

यंदा भाव वाढवायचा विचार आहे. पण भाव वाढला की काही गिऱ्हाइकं गळणार. ताईंचा अनुभव सांगतो की, किलोमागे १० रुपये वाढवले की साधारण २ किलोची विक्री कमी होते.

आता घरात दोन मतं पडली आहेत. एक म्हणतो, "उलट भाव कमी कर, माल जास्त खपेल आणि गल्ला भरेल." दुसरा म्हणतो, "एवढे कष्ट करतेस, तर सरळ ५२० रुपये लाव."

दोघांचं ऐकलं तर ताईंचा तोटा होईल. योग्य भाव या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. ते 'कुठेतरी' म्हणजे नेमकं कुठे, हे सांगणारं गणित आपण शाळेत शिकलेलो असतो. त्याचं नाव वर्गसमीकरण आणि त्यातल्या त्या खास जागेचं नाव शिरोबिंदू.

शिरोबिंदू म्हणजे काय?

ज्या राशीत क्ष चा वर्ग येतो, पण त्याहून मोठा घात येत नाही, ती वर्ग राशी. तिचं सर्वसाधारण रूप असं:

य = अ × क्ष² + ब × क्ष + क

पाठ्यपुस्तकात ज्यांना एक्स आणि वाय म्हणतात, तेच इथे क्ष आणि य. अ, ब आणि क हे ठरलेले आकडे, म्हणजे सहगुणक. अट एकच, अ शून्य नको. अ शून्य झाला तर वर्ग उडतो आणि आलेख सरळ रेषेचा होतो.

या राशीचा आलेख काढला की एक वाकलेली रेघ मिळते. तिला अन्वस्त किंवा पॅराबोला म्हणतात. अ धन असेल तर तिचा आकार वाटीसारखा, तोंड वर. अ ऋण असेल तर पालथ्या वाटीसारखा, तोंड खाली.

वाटीचा सगळ्यात खालचा बिंदू किंवा पालथ्या वाटीचा सगळ्यात वरचा बिंदू म्हणजे शिरोबिंदू. तिथून पुढे रेघ दिशा बदलते. चढत असेल तर उतरायला लागते, उतरत असेल तर चढायला लागते. म्हणूनच 'जास्तीत जास्त किती' किंवा 'कमीत कमी किती' असा प्रश्न आला की शिरोबिंदू शोधावा लागतो.

अन्वस्ताचा आणखी एक गुण आहे आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. शिरोबिंदूतून एक उभी रेघ काढली, तर डावी बाजू उजव्या बाजूची हुबेहूब आरशातली प्रतिमा असते. या उभ्या रेघेला सममिती अक्ष म्हणतात.

चकलीचं समीकरण कसं तयार होतं?

भाव १० रुपयांनी जितक्या वेळा वाढवला, त्या पायऱ्यांना क्ष म्हणू. मग:

- नवा भाव = ४०० + १०क्ष
- किलोमागे सुटणारे पैसे = १८० + १०क्ष
- विक्री = ६० − २क्ष किलो

एकूण नफा म्हणजे किलोमागचा नफा गुणिले विक्री:

य = (१८० + १०क्ष) × (६० − २क्ष)

गुणाकार केला की:

य = −२०क्ष² + २४०क्ष + १०,८००

इथे अ = −२०, ब = २४० आणि क = १०,८००. अ ऋण आहे, म्हणजे पालथी वाटी. म्हणजेच नफ्याला एक शिखर आहे. ते शोधायच्या पद्धती अनेक आहेत, पण सगळ्यांच्या मुळाशी कल्पना एकच आहे.

पहिली पद्धत: दोन सारख्या उंचीच्या जागांचा मध्य

दोन्ही बाजू आरशासारख्या असतील, तर सारख्या उंचीवरचे दोन बिंदू शिरोबिंदूपासून सारख्याच अंतरावर असणार. म्हणजे असे दोन बिंदू सापडले की त्यांच्या बरोबर मधोमध शिरोबिंदू.

नफा शून्य कधी होईल ते पाहू. (१८० + १०क्ष) शून्य झालं तर, म्हणजे क्ष = −१८. तेव्हा भाव २२० रुपये होतो आणि खर्चाइतकेच पैसे येतात. किंवा (६० − २क्ष) शून्य झालं तर, म्हणजे क्ष = ३०. तेव्हा भाव ७०० रुपये होतो आणि कुणी घेतच नाही.

−१८ आणि ३० यांचा मध्य:

(−१८ + ३०) ÷ २ = ६

म्हणजे सहा पायऱ्या. भाव ४६० रुपये, विक्री ४८ किलो, किलोमागे सुटणार २४० रुपये. एकूण नफा ११,५२० रुपये.

दुसरी जोडी घेऊन पडताळाही पाहता येतो. ४०० रुपये भावाला नफा होता १०,८००. आणि ५२० रुपये भावाला? विक्री ३६ किलो, किलोमागे ३०० रुपये, म्हणजे पुन्हा १०,८००. ४०० आणि ५२० यांचा मध्य ४६०. उत्तर तेच.

'सरळ ५२० लाव' म्हणणाऱ्याचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. १२० रुपये भाव वाढवून नफा गेल्या वर्षीइतकाच राहतो.

दुसरी पद्धत: सूत्र, आणि ते येतं कुठून

शिरोबिंदूचं सूत्र असं आहे:

क्ष = −ब ÷ (२ × अ)

बरेच जण ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. कारण ते आलं कुठून, हे कुणी सांगितलेलं नसतं. खरं तर ते दोन ओळींत निघतं.

क्ष शून्य असताना य ची किंमत क असते. आता य ची किंमत पुन्हा क कधी होईल? जेव्हा अ × क्ष² + ब × क्ष शून्य होईल तेव्हा. यातून क्ष सामाईक काढला तर क्ष × (अ × क्ष + ब) = ० मिळतं. म्हणजे क्ष = ० किंवा क्ष = −ब ÷ अ.

सारख्या उंचीच्या दोन जागा सापडल्या. त्यांचा मध्य काढा. ० आणि −ब ÷ अ यांचा मध्य म्हणजे −ब ÷ (२ × अ). सूत्र तयार.

चकलीच्या राशीत घालून पाहू:

क्ष = −२४० ÷ (२ × −२०) = −२४० ÷ −४० = ६

क्ष मिळाला की काम अर्धंच झालं. तो मूळ राशीत घालून य काढायचा:

य = −२० × ३६ + २४० × ६ + १०,८०० = −७२० + १,४४० + १०,८०० = ११,५२०

शिरोबिंदू आहे (६, ११,५२०). पहिला आकडा सांगतो 'कुठे', दुसरा सांगतो 'किती'.

तिसरी पद्धत: पूर्ण वर्ग

दहावीत वर्गसमीकरण सोडवताना पूर्ण वर्ग पद्धत येते. तिने शिरोबिंदू थेट डोळ्यांसमोर येतो.

पहिल्या दोन पदांतून −२० बाहेर काढू:

य = −२०(क्ष² − १२क्ष) + १०,८००

आता १२ ची निम्मी ६ आणि ६ चा वर्ग ३६. कंसात ३६ मिळवले आणि लगेच वजा केले, तर किंमत बदलत नाही:

य = −२०[(क्ष − ६)² − ३६] + १०,८००

कंस सोडवला की:

य = −२०(क्ष − ६)² + ११,५२०

या रूपाकडे नुसतं बघूनही उत्तर कळतं. कुठल्याही संख्येचा वर्ग ऋण नसतो. म्हणजे ११,५२० मधून नेहमी काहीतरी वजाच होणार, किंवा फार तर शून्य वजा होणार. शून्य कधी? क्ष = ६ असताना.

सूत्राने न कळणारी एक गोष्टही इथे दिसते. शिखरापासून एक पायरी सरकलं तर नफा फक्त २० रुपयांनी कमी होतो. दोन पायऱ्या सरकलं तर ८० रुपयांनी. पण सहा पायऱ्या सरकलं तर ७२० रुपयांनी. शिरोबिंदूजवळ वक्र जवळपास सपाट असतो. म्हणून ताईंना ४६० ऐवजी ४५० हा सुटसुटीत भाव ठेवायचा असेल, तर खुशाल ठेवावा. नफा ११,५०० होईल, नुकसान अवघं २० रुपयांचं.

पूर्ण वर्गाचा धागा महाराष्ट्रापर्यंत

पूर्ण वर्ग करण्याची एक सुंदर युक्ती भारतीय गणितात फार पूर्वीपासून आहे. ती श्रीधराचार्यांची म्हणून ओळखली जाते. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. ही रीत आपल्यापर्यंत पोहोचली ती भास्कराचार्यांनी 'बीजगणित' ग्रंथात श्रीधरांच्या नावाने ती नोंदवून ठेवल्यामुळे. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांचा महाराष्ट्राशी नातं सांगणारा एक पुरावा जळगाव जिल्ह्यात आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात, त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे.

श्रीधरांची युक्ती अशी: सगळ्याला ४ × अ ने गुणा आणि ब² मिळवा. मग अपूर्णांक न येता पूर्ण वर्ग तयार होतो. आजच्या चिन्हांत लिहिलं तर:

४ × अ × य = (२ × अ × क्ष + ब)² − (ब² − ४ × अ × क)

यातला वर्ग शून्य होतो तो २ × अ × क्ष + ब शून्य झाल्यावर. म्हणजे क्ष = −ब ÷ (२ × अ). पुन्हा तेच सूत्र! अर्थात, त्या काळी समीकरणाचा आलेख काढत नसत. श्रीधर आणि भास्कराचार्यांना हवी होती ती समीकरणाची उकल. निर्देशकांच्या भूमितीचा पाया युरोपात रने देकार्तच्या १६३७ सालच्या ग्रंथाने घातला आणि समीकरणाला चित्र मिळालं.

चौथी पद्धत: विकलन

अकरावी-बारावीत विकलन शिकलेल्यांना हे आणखी झटपट येतं. शिखरावर वक्राचा चढ शून्य असतो. राशीचं विकलन २ × अ × क्ष + ब. ते शून्याइतकं ठेवलं की पुन्हा क्ष = −ब ÷ (२ × अ). वर्ग राशीसाठी मात्र विकलनाची गरज नाही. मधोमधची जागा शोधणं पुरेसं आहे.

मुळंच नसतील तर?

पहिल्या पद्धतीत मुळांचा, म्हणजे य शून्य करणाऱ्या क्ष च्या किमतींचा मध्य काढला. पण काही राशींना वास्तव मुळं नसतात. उदाहरणार्थ:

य = क्ष² − ४क्ष + ७

इथे विवेचक, म्हणजे ब² − ४ × अ × क, येतो १६ − २८ = −१२. ऋण. म्हणजे हा वक्र आडव्या अक्षाला शिवतच नाही. तरीही शिरोबिंदू आहेच. क्ष = ४ ÷ २ = २ आणि य = ४ − ८ + ७ = ३. शिरोबिंदू (२, ३). वाटीचा तळ आडव्या अक्षापासून ३ वर आहे, म्हणून तर ती अक्षाला लागत नाही.

मुळं असोत वा नसोत, प्रत्येक वर्ग राशीला शिरोबिंदू एक आणि एकच असतो.

हमखास चुका कुठे होतात?

चिन्हाची चूक. सूत्रातलं ऋण चिन्ह ब च्या आधी आहे. ब आधीच ऋण असेल तर वरची संख्या धन होते. वरच्या उदाहरणात ब = −४, म्हणून −ब = ४. घाईत इथेच गुण जातात. पूर्ण वर्गाच्या रूपातही तसंच. (क्ष − ६)² असेल तर शिरोबिंदू ६ वर, (क्ष + ६)² असेल तर −६ वर.

क्ष लाच उत्तर समजणं. 'जास्तीत जास्त नफा किती?' या प्रश्नाचं उत्तर ६ नाही. ६ या पायऱ्या आहेत. भाव ४६० आणि नफा ११,५२०. प्रश्न नेमकं काय विचारतोय, ते पुन्हा वाचा.

समीकरण आणि राशी यांची गल्लत. २क्ष² − १२क्ष + १० = ० हे समीकरण सोडवताना दोन्ही बाजूंना २ ने भागून क्ष² − ६क्ष + ५ = ० करता येतं. मुळं तीच राहतात, १ आणि ५. पण शिरोबिंदू विचारला असेल तर असं भागणं महागात पडतं. मूळ राशीचा शिरोबिंदू (३, −८), भागल्यानंतरच्या राशीचा (३, −४). जागा तीच राहते, उंची बदलते. म्हणून शिरोबिंदू काढताना मूळ राशीच वापरा.

मर्यादा विसरणं. समजा, ताईंना या वर्षी ४० किलोच चकली करणं शक्य आहे. शिरोबिंदू म्हणतो ४८ किलो विका. ते जमणार नाही. विक्री ४० किलोपर्यंत आणायला किमान दहा पायऱ्या चढाव्या लागतात. मग शिखराच्या सगळ्यात जवळची शक्य जागा म्हणजे क्ष = १०. भाव ५०० रुपये, नफा ११,२००. शिरोबिंदू शक्यतेच्या बाहेर असेल, तर उत्तर मर्यादेच्या टोकावर मिळतं.

सगळ्यात महागडी चूक: चुकीच्या गोष्टीचा शिरोबिंदू

आता 'भाव कमी कर, गल्ला भरेल' म्हणणाऱ्याकडे वळू. त्याचं गणित चूक नाही. तो फक्त वेगळ्याच राशीचं शिखर शोधतोय.

गल्ला म्हणजे भाव गुणिले विक्री:

(४०० + १०क्ष) × (६० − २क्ष) = −२०क्ष² − २००क्ष + २४,०००

याचा शिरोबिंदू क्ष = २०० ÷ (२ × −२०) = −५. म्हणजे भाव पाच पायऱ्या खाली, ३५० रुपये. विक्री ७० किलो आणि गल्ल्यात २४,५०० रुपये. ४६० भावाला गल्ल्यात येतात २२,०८०. म्हणजे ३५० ला गल्ला खरंच जास्त भरतो.

पण ७० किलोचा खर्च १५,४०० रुपये. हातात उरतात ९,१००. ४६० भावाला उरतात ११,५२०. म्हणजे २२ किलो चकल्या जास्त पाडून, जास्त वेळ तेलासमोर उभं राहून, ताईंचे २,४२० रुपये कमी होतात. दोन्ही ठिकाणी शिरोबिंदू अचूक काढला आहे. फरक फक्त एवढाच, की एकाने विक्रीची रक्कम मोजली आणि दुसऱ्याने शिल्लक.

म्हणून सूत्राला हात लावण्याआधी ठरवायचं, य म्हणजे काय?

दुसरी सावधगिरी अंदाजाबद्दल. दर १० रुपयांमागे २ किलो घटतात, हा अनुभवाचा आकडा आहे. तो ३ किलो निघाला, तर राशी होते −३०क्ष² + ६०क्ष + १०,८०० आणि शिरोबिंदू येतो क्ष = १ वर. म्हणजे भाव फक्त ४१० आणि नफा १०,८३०. सूत्र चोख आहे, पण उत्तर तितकंच खरं जितका आत घातलेला आकडा खरा.

हाच शिरोबिंदू आणखी कुठे दिसतो?

क्रिकेटमध्ये उंच उडालेला चेंडू बघा. बॅटवरून तो सेकंदाला २० मीटर वेगाने वरच्या दिशेला निघाला, हवेचा विरोध धरला नाही आणि गुरुत्व त्वरण ढोबळमानाने १० घेतलं, तर क्ष सेकंदांनंतर त्याची उंची २०क्ष − ५क्ष² मीटर असते. ही उंची शून्य असते ० आणि ४ सेकंदांना. मध्य २ सेकंद. तेव्हा चेंडू २० मीटर उंचीवर, म्हणजे शिरोबिंदूवर. जितका वेळ वर जायला, तितकाच खाली यायला. फेकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्ताचा असतो, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडलं होतं.

थोडक्यात लक्षात ठेवायचं तर

- य म्हणजे काय, ते आधी ठरवा.
- अ धन असेल तर शिरोबिंदू सगळ्यात खाली, अ ऋण असेल तर सगळ्यात वर.
- क्ष = −ब ÷ (२ × अ). मग तो क्ष मूळ राशीत घालून य काढा.
- सूत्र विसरलात तर सारख्या उंचीच्या दोन जागा शोधा आणि त्यांचा मध्य काढा.
- शेवटी उत्तर प्रत्यक्षात शक्य आहे का, ते तपासा.

ताईंनी यंदा पाटीवर ४५० लिहिलं, तर ५० किलो चकलीत ११,५०० रुपये सुटतील. गेल्या वर्षीपेक्षा १० किलो कमी चकल्या, आणि ७०० रुपये जास्त.